मचाण, पाणवठा आणि हाकारा : ग्वाल्हेर-शिवपुरीच्या उन्हाळी शिकारीची कहाणी

ग्वाल्हेर म्हटले की किल्ला, जयविलास, तानसेनाची समाधी आणि आपली गायकी एवढे चटकन आठवते. मात्र लष्करातल्या जुन्या मराठी वाड्यांत आणखी एक गोष्ट हमखास दिसते आणि तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर लाकडी ढालीवर बसवलेली सांबराची शिंगे, शेजारी काळविटाची पिळदार शिंगे आणि त्यांच्याखाली पिवळा पडलेला एक फोटो. फोटोत फेटे बांधलेली दहा-बारा माणसे, पुढे मांडी घालून बसलेली मुले, मध्ये मारलेले जनावर आणि कडेला, अर्धी चौकटीबाहेर गेलेली, उघड्या अंगाची चार माणसे. फेटेवाल्यांची नावे मागे शाईने लिहिलेली असतात. कडेच्या चौघांची नसतात.

नव्या पिढीतली मुले हा फोटो पाहून विचारतात, "आपल्या माणसांनी हे केले?" त्यावर कोणी अभिमानाने मिशीला पीळ देतो, कोणी ओशाळून विषय बदलतो. दोन्हीपेक्षा बरा मार्ग म्हणजे ही शिकार कशी होत असे, का होत असे आणि का संपली हे नीट समजून घेणे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

पूर्वपीठिका

हरणाची शिकार माणसाइतकीच जुनी आहे. भोपाळजवळच्या भीमबेटक्याच्या गुहांत आदिमानवाने हरणे रंगवली आणि त्यांच्यामागे धावणारे शिकारीही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यात राजाच्या करमणुकीत मृगयेला स्वतंत्र जागा दिली. मराठीत तर तिच्यासाठी शब्दांची रेलचेल आहे. गावाने मिळून केलेली ती पारध, राखून ठेवलेले शिकारीचे रान तो रमणा, दरबारची जनावरे आणि ती सांभाळणारी माणसे मिळून शिकारखाना. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने तिथल्या माणसाळलेल्या काळविटांविषयी मोठ्या कौतुकाने लिहून ठेवले आहे. हरीण पाळणारे आणि हरीण मारणारे दरबार वेगवेगळे नव्हते, हे यावरून ध्यानात येईल.

मराठी संस्थानांत दोन तऱ्हेच्या शिकारी विशेष नावाजल्या. बडोदे आणि कोल्हापूर इथे मोकळी माळराने होती. तिथे शिकवून तयार केलेला चित्ता बैलगाडीतून नेत, डोळ्यांवरची टोपी काढून काळविटावर सोडत. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर कोल्हापूर दरबाराने आफ्रिकेतून चित्ते आणवले. ग्वाल्हेरची तऱ्हा निराळी. इथे शिवपुरी-श्योपूरकडे डोंगर, दऱ्या आणि झाडी, म्हणून इथली शिकार मचाणावरची.

शिवपुरीचे रान आपल्या माणसांच्या आधीपासून प्रसिद्ध होते. १५६४ मध्ये माळव्याच्या स्वारीच्या वेळी अकबराने नरवरच्या जंगलात रानहत्ती पकडल्याची नोंद अबुल फजलने केली आहे. आज त्या भागात रानहत्तीचे नावही नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली छावणी टाकली, तिचेच पुढे लष्कर शहर झाले आणि आपली कुटुंबे तिथे रुजली. पण शिवपुरीला, म्हणजे त्या काळच्या सिप्रीला, खरे दिवस आले ते माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत. महाराज १८८६ मध्ये लहान वयात गादीवर आले आणि १९२५ मध्ये पॅरिसला वारले. त्यांनी शिवपुरीला उन्हाळी राजधानी केले, ग्वाल्हेरहून तिथपर्यंत छोटी रेल्वे नेली, मनियर नदी अडवून सख्यासागर आणि माधवसागर ही तळी १९१८ च्या सुमारास बांधली. मातोश्री सख्याराजे यांचे नाव तळ्याला दिले. उन्हाळ्यात दरबार, कचेऱ्या आणि त्यांच्यामागोमाग सरदार, सुभे, कारकून यांची बिऱ्हाडेही शिवपुरीला हलत. महाराज स्वतः वाघाच्या शिकारीतले जाणकार होते, त्यावर त्यांनी इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. जंगलात पक्क्या दगडी शिकारगाड्या, ज्यांना 'शूटिंग बॉक्स' म्हणत, उभ्या राहिल्या. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्यासाठी म्हणून उंचावर बांधलेला जॉर्ज कॅसल अजून तिथे आहे. बादशहाचा मुक्काम त्यात कधी पडलाच नाही, असे शिवपुरीकर हसत सांगतात.

वाघ मात्र दरबारचा आणि दरबारच्या पाहुण्यांचा. सरदार-मानकऱ्यांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि त्यांच्या आप्तेष्टांच्या वाट्याला येत ती चितळे, सांबरे आणि रानडुकरे. आपल्या घरांतल्या फोटोंत वाघ क्वचित आणि शिंगे जास्त, त्याचे कारण हे आहे.

उन्हाळाच का?

शिकारीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होई. थंडीत गवत उंच, पाणी जागोजागी, त्यामुळे जनावर विखुरलेले. तेव्हा हाकाऱ्याशिवाय काम होत नसे. शिमगा झाला की रानाचे रूप पालटते. करधई आणि सलई पर्णहीन होतात, ओढे आटतात, दोन-दोन कोसांत एखादाच डोह उरतो. जनावराला तिथे यावेच लागते. म्हणून हंगामाचा शेवट, म्हणजे चैत्र-वैशाख, हा मचाणावर बसण्याचा काळ.

दुसरे कारण मोहाचे. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे टपटप गळतात आणि चितळ-सांबर ती खायला झाडाखाली येतात. सहरिया बाया टोपल्या घेऊन फुले वेचायला निघत, त्याच्या आधी हरणे येऊन गेलेली असत. त्यामुळे पाणवठा संध्याकाळचा आणि मोह पहाटेचा, असा जाणत्यांचा हिशेब असे.

तिसरे कारण शिंगांचे. हरीण हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात दोन कुळे आहेत. काळवीट, चिंकारा, चौशिंगा यांची शिंगे पोकळ आणि कायमची. चितळ आणि सांबर यांची शिंगे भरीव, फाटे फुटलेली, दर वर्षी गळून नव्याने येणारी. नवे शिंग येते तेव्हा त्यावर मखमलीसारखी कातडी असते. चितळाची शिंगे नेमकी उन्हाळ्यात पक्की असतात, सांबराची मात्र याच दिवसांत गळू लागतात. म्हणून सांबराची जोडी हवी असणाऱ्याला हंगाम संपत आल्याची घाई, आणि अनुभवी माणूस "एकशिंग्यावर बार वाया घालवू नका" असे नवशिक्याला बजावी.

मचाण कसे बांधत

मचाण म्हणजे झाडावरची बैठक. करधईचे खोड बारीक, त्याला माणसांचा भार पेलत नाही. म्हणून ओढ्याकाठचा अर्जुन, जांभूळ, वड किंवा मोह पाहत. बारा-पंधरा फुटांवर बळकट फांद्यांच्या बेचक्यात दोन आडवे वासे बांधायचे, वर बाज उलटी न टाकता सरळ ठेवून सुंभाने आवळायची, भोवती पालाच्या डहाळ्यांचा आडोसा करायचा. डहाळी त्याच झाडाची हवी, दुसऱ्या झाडाची असली तर जनावराला खटकते. तोडलेला पाला दोन दिवसांत कोमेजतो, तो बदलावा लागतो. मचाण निदान आठ दिवस आधी बांधून ठेवले म्हणजे जनावराला त्याची सवय होते.

जागा ठरे ती वाऱ्यावरून. हरणाचे डोळे तेज, कान त्याहून तेज आणि नाक सर्वांत तेज. उंचावर बसल्याने माणसाचा वास बराचसा डोक्यावरून निघून जातो. दुसरा फायदा असा की बार वरून खाली जातो, चुकला तरी गोळी जमिनीत रुतते आणि दूरच्या माणसाला धोका राहत नाही. आडव्या बाराने हाकेवाले जखमी होण्याचे प्रसंग ज्यांनी पाहिले होते त्यांना या गोष्टीची किंमत ठाऊक होती.

मग बसणे. तंबाखू नाही, अत्तर नाही, खोकला नाही, घड्याळाची टिकटिक नको म्हणून ते तंबूत ठेवायचे. उन्हे कलली की आधी मोर येतात, मग वानरे. वानराने खाकरून हाक दिली, चितळाने शिटीसारखा आवाज काढला किंवा सांबराने खणखणीत 'ढाँक' केले की समजायचे, रानात वाघ-बिबट्या फिरतो आहे. मग हरीण तासभर पाण्यावर येत नाही. आले तरी आधी मादी येते, पाय आपटते, मान उंचावते आणि बराच वेळ तशीच उभी राहते. नर सर्वांच्या मागे. मादीवर आणि पाडसावर बार टाकायचा नाही, हा घराघरात शिकवलेला नियम. जखमी जनावर तसेच सोडून परतायचे नाही, हा दुसरा. रक्ताच्या थेंबांवरून, मुडपलेल्या गवतावरून रात्री कंदील घेऊन माग काढणारा माणूस बहुधा सहरिया असे.

आप्तेष्टांचा मेळा

ही शिकार एकट्याची नव्हती. सुट्टीत पाहुणे येत, मित्रमंडळी जमत, बैलगाड्या आणि पुढे मोटारी भरून तंबू, भांडीकुंडी, पाण्याची पिंपे निघत. एका मचाणावर दोघे किंवा तिघे. वडीलधारा, बंदूक भरून देणारा आणि एखादा मुलगा. मुलाने पहिल्या वर्षी नुसते बसायचे, दुसऱ्या वर्षी दुर्बीण, बंदूक त्यानंतर. न हलता चार तास बसण्याची परीक्षा ही मुलांच्या शिक्षणाचाच भाग मानली जाई. सरदार घराण्यांतल्या काही स्त्रियाही मचाणावर बसत, पण बहुतेक घरांत बायका तळावर असत आणि खरी दगदग त्यांचीच. मांस उन्हाळ्यात टिकत नाही. तेव्हा रातोरात ते साफ करायचे, हळद-मीठ लावून पट्ट्या दोरीवर वाळत घालायच्या, काहीचे तेलात मुरवलेले लोणचे करायचे. वाटे पडत. मानकऱ्यांचा, माग काढणाऱ्याचा, हाकेवाल्यांचा आणि गावच्या देवाचा. शाकाहारी ब्राह्मण कारकून-मामलेदारांची घरे या तळावर वेगळी चूल मांडून असत, त्यांची मुले मात्र मचाणावर बसण्यासाठी तितकीच हट्ट करीत.

नात्यातले रुसवेफुगवे या तळांवर मिटत, सोयरिकींच्या गोष्टी निघत. आपल्या घरांतल्या शिकारीच्या आठवणी इतक्या गोड का, याचे उत्तर बंदुकीत कमी आणि या एकत्र जमण्यात जास्त आहे.

कडेची चार माणसे

आता फोटोच्या कडेला उभ्या असलेल्यांकडे वळू. शिवपुरी-श्योपूरचे रान हे सहरिया लोकांचे घर. डिंक, मोह, तेंदूपत्ता, कंदमुळे यांवर त्यांचा संसार. कुठल्या डोहावर कोणते सांबर येते हे त्यांना ठाऊक, मचाण बांधणारे ते, माग काढणारे ते, हाकारा करणारेही तेच. डबे आणि ढोल वाजवत, काटेरी झुडपांतून पायी जनावर पुढे रेटायचे काम सोपे नव्हते. अनेक संस्थानांत हे काम वेठबिगारीत मोडत असे. बोलावणे आले की जावे लागे, मग घरी पीक कापणीला असो.

राखीव रानाच्या कडेच्या शेतकऱ्याची अडचण आणखी वेगळी. रात्री चितळांचा कळप हरभऱ्यात उतरला तर हाकलायचे, मारायचे मात्र नाही. मारण्याचा हक्क दरबारचा. आज आपण म्हणतो की राजेरजवाड्यांनी शिकारीसाठी का होईना, जंगल राखले. हे खरे आहे. सख्यासागराभोवतीची झाडी टिकली ती ते दरबारी रान होते म्हणूनच. पण ते राखण्याची किंमत कोणी मोजली, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

मचाण का उतरले

२८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. दरबारचे पहारे उठले. महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या स्वस्तात बाजारात आल्या, त्यांवर झगझगीत दिवे लागले. पीकरक्षणाच्या नावावर बंदुकीचे परवाने मिळू लागले. मचाणावर चार तास बसून एक नर मिळे, न मिळे. जीपच्या झोतात मात्र डोळे दिपलेला अख्खा कळप जागच्या जागी उभा राहतो. नर-मादी पाहायला वेळ नाही, जखमी जनावर शोधायला उतरण्याची गरज वाटत नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत रान रिकामे होत गेले. या जीपमध्ये परके लोकच होते असे नाही. मचाणावर वाढलेली काही मुले त्यांत होती. संयम हा आपल्या स्वभावात होता अशी आपली समजूत, प्रत्यक्षात तो बराचसा मचाणाच्या अडचणींत आणि दरबारच्या धाकात होता. अडचण दूर झाली, धाक गेला आणि संयमही गेला.

चित्त्याची गोष्ट तर त्याआधीच संपली होती. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले. देशातली ती शेवटची खात्रीची नोंद मानतात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. शिवपुरीचे रान १९५० च्या दशकात राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे त्याला माधवरावांचे नाव मिळाले. पण तिथला वाघही टिकला नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर शिकार एका रात्रीत बंद झाली, असा आपल्याकडे समज आहे. तसे झाले नाही. काळवीट पूर्ण संरक्षणाखाली आले, चितळ-सांबर मात्र परवान्याने मारता येणाऱ्यांच्या यादीत राहिले. गंमत अशी की त्याच कायद्याने सूर्यास्तानंतरची, वाहनातून केलेली आणि पाणवठ्यावर किंवा चाटणावर दबा धरून केलेली शिकार मना केली. म्हणजे आपल्या वाडवडिलांची आवडती उन्हाळी बैठक तेव्हाच बेकायदा ठरली. तहानेने आलेल्या जनावराला पाण्यावर मारणे हा धर्म नव्हे, असे मानणारे जुने शिकारीही होतेच, कायद्याने त्यांची बाजू घेतली. परवाने देण्याची पद्धत १९९१ च्या दुरुस्तीने संपली आणि मचाण कायमचे उतरले.

आजचे रान

इतिहास इथे थांबलेला नाही. श्योपूरच्या कुनो रानात सिंह आणायचे म्हणून शतकाच्या शेवटी-शेवटी २४ गावे हलवली गेली, त्यांतली बहुतेक कुटुंबे सहरियांची. सिंह आले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून ८ चित्ते आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून १२. चित्त्यांना भक्ष्य हवे म्हणून राज्यातल्या इतर जंगलांतून चितळे आणून सोडली. ती पकडण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. नरसाळ्याच्या आकाराचे लांब कुंपण घालायचे, ते गवताने आणि हिरव्या पडद्याने झाकायचे, कळपाला हलके हलके अरुंद तोंडाकडे न्यायचे आणि थेट गाडीत चढवायचे. आफ्रिकेत याला 'बोमा' म्हणतात. आपल्या जुन्या माणसांनी पाहिले असते तर म्हणाले असते, हा तर हाकाराच, फक्त टोकाला बंदूक नाही.

माधव राष्ट्रीय उद्यानात मार्च २०२३ मध्ये पुन्हा वाघ सोडले आणि मार्च २०२५ मध्ये ते देशातले ५८ वे व्याघ्र प्रकल्प झाले. सख्यासागराच्या काठी आज गेलात तर चितळांचे कळप दिसतील, काठावर ऊन खात पडलेल्या मगरी दिसतील आणि दगडी शिकारगाडीत दुर्बीण घेऊन उभे राहिलेले पर्यटक. त्यांना वाट दाखवणाऱ्यांत सहरिया तरुणही आहेत. फोटोच्या कडेच्या चौघांचे ते नातू-पणतू असू शकतील.

आपल्या हातातले काम

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पहिली भिंतीवरच्या शिंगांची. अनुसूचीतल्या प्राण्यांची शिंगे, कातडी, मुंडकी घरात असतील तर त्यांची नोंद आणि मालकीचा दाखला लागतो. १९७२ च्या कायद्यानंतर एकदा आणि २००३ मध्ये पुन्हा १८० दिवसांची, अशी नोंदणीची संधी सरकारने दिली होती. कोणता प्राणी कोणत्या यादीत, हे मधल्या दुरुस्त्यांनी बदलत गेले आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या कागदपत्रांत तो दाखला आहे का, ते या सुट्टीत पाहून ठेवा. दाखला असला तरी अशी वस्तू विकता येत नाही. ती घरात नको असेल तर दाखलाधारकाला ती वन खात्याकडे सुपूर्द करण्याची सोय २०२२ च्या दुरुस्तीने झाली आहे. वाडा पाडताना मजुराच्या हाती शिंगे पडली आणि घरमालक चौकशीत अडकला, असे होऊ देऊ नये. शंका असल्यास वन खात्याच्या कार्यालयात विचारणेच उत्तम.

दुसरी गोष्ट फोटोंची. ज्यांनी शेवटचे मचाण पाहिले ती माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्याजवळ बसून फोटोमागची नावे पुरी करून घ्या, ठिकाण आणि साल लिहून घ्या. डोह कोणता, झाड कोणते, हाकारा कोणत्या गावाने केला, हेही विचारा. आणि कडेला उभ्या असलेल्या माणसांपैकी एकाचे जरी नाव आजोबांना आठवले, तरी ते बाकीच्या नावांच्या ओळीतच लिहा.